व्रणांवरून ओळख

मुलांनो, वर्गात शिक्षक तुम्हांला नावाने ओळखतात. पण नदीतील प्राण्यांना कसे ओळखायचे?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मॅनाटी नावाचा मोठा, शांत सस्तन प्राणी पाण्यात राहतो. तो पाणवनस्पती खातो. पाणी 20 अंश सेल्सिअसपेक्षा थंड झाले, की तो आजारी पडतो. म्हणून हिवाळ्यात अनेक मॅनाटी सेंट जॉन्स नदीतून ब्लू स्प्रिंग या झऱ्यात येतात. तेथील पाणी वर्षभर सुमारे 22 अंश असते.

हिवाळ्यात सकाळी निरीक्षक छोट्या होडीतून फिरतात. मॅनाटींच्या पाठीवरील व शेपटीवरील व्रणांची चित्रे काढतात आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. त्यावरून कोण परत आला व कोण आला नाही, ते कळते. 1970 च्या सुमारास येथे 20 हूनही कमी मॅनाटी येत. जानेवारी 2024 मध्ये एका दिवसात 900 हून अधिक मोजले गेले.

पण हे व्रण कशाचे? बहुतेक व्रण मोटारबोटींमुळे झालेल्या जखमांचे असतात! म्हणून हिवाळ्यात या झऱ्यात बोटींना बंदी असते. व्रण नसलेला मॅनाटी ओळखणे कठीण जाते. तरीही असे मॅनाटी वाढावेत, असे तुम्हांला वाटत नाही का?