गळका बंब आणि भरवशाचा कारागीर

महाडपासून जवळच, सावित्री नदीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तेथे जमिनीतून ऊन पाण्याचे झरे वाहतात. कोकणात अशा झऱ्यांना ‘उन्हाळे’ म्हणतात. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने पुन्हा वर येते. निसर्गाच्या ह्या बंबाला सरपण लागत नाही, तोटी लागत नाही. आणि तो गळतो अशी तक्रारही कोणी करीत नाही, कारण गळणे हेच त्याचे काम! आपल्या न्हाणीघरातील बंबाचे मात्र तसे नाही. तो गळू लागला म्हणजे घराची सकाळ विस्कटते. म्हणून त्या गळतीचे काय करावे आणि तिच्यासाठी भरवशाचा माणूस कसा ओळखावा, ह्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

पोलादपूरच्या डोंगरकपारीतील वाड्यांतून अजून तांब्याचा बंब किंवा पाणचूल पेटते. महाड शहरात बहुतेक घरी भिंतीवर विजेचा गिझर आला आहे. वस्तू निराळ्या दिसल्या तरी त्यांचे शास्त्र एकच. धातूचे भांडे, त्यात पाणी आणि त्याला आच. ह्या मुलखात वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. लावणी करून भिजून आलेला माणूस, घरातील वृद्ध, बाळंतीण आणि तान्हे मूल ह्यांना आषाढ-श्रावणात ऊन पाणी ही चैन नव्हे, गरज आहे. आणि बंब बिघडतो तोही नेमका त्याच दिवसांत, जेव्हा सरपण ओले, वाट निसरडी आणि कारागीर दूर असतो.

गळती दिसताच ती बुजविण्याची घाई करू नये. प्रथम ती कोठून येते हे पाहावे. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण जाणतो. तिच्यातला बंब आग विझविणारा असला, तरी न्हाणीघरातल्या बंबालाही ती तंतोतंत लागू पडते. पाणी धातूच्या अंगावरून ओघळत जाते. भोक एका बाजूस आणि थेंब दुसऱ्याच बाजूस पडतो. ह्यासाठी विस्तव काढून बंब पूर्ण निवू द्यावा, फडक्याने सर्वांग कोरडे करावे, खाली जुने वर्तमानपत्र पसरावे आणि गार पाणी भरून स्वस्थ बसावे. मग चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. पाणी कोठून येते? केव्हा येते, गार असताना की तापल्यावर? किती येते? आणि कसे येते, स्वच्छ, तांबूस की हिरवट? ही चार उत्तरे ज्याच्यापाशी आहेत त्याचे अर्धे काम झाले.

ह्या परीक्षेत कित्येकदा असेही आढळते की, ती गळतीच नव्हे. पावसाळी हवेत बाष्प पुष्कळ असते. विहिरीचे गार पाणी बंबात भरले की त्याच्या अंगावर घाम सुटतो. शिवाय ओले लाकूड जळताना जी वाफ निघते ती मधल्या गार नळ्याला लागून निवते आणि जाळीतून खाली ठिबकते. पाणी कोमट होताच हा घाम थांबतो. खरी गळती थांबत नाही. एवढा भेद न कळल्याने चांगला बंब विनाकारण झाळून आणणारी माणसे असतात.

आता बंबाची रचना पाहू. बाहेर तांब्याचे मोठे पिंप, त्याच्या मधोमध उभा नळा, नळ्याच्या तळाशी जाळी आणि बाहेरच्या बाजूस तोटी. विस्तव नळ्यात, पाणी त्याच्या भोवती. हा नळा आणि पिंप जेथे एकमेकांस मिळतात तेथे सांधा येतो, आणि पुष्कळ बंबांतून तो सांधा डाख देऊन बसविलेला असतो. तांबे वितळावयास १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. कथिल आणि शिसे ह्यांचा डाख मात्र दोनशे अंशांच्या आसपासच पातळ होतो. मग विस्तवाशेजारी तो टिकतो कसा? पाण्यामुळे. पाठीशी पाणी आहे तोवर धातूची उष्णता शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण वाढती उष्णता पाणी ओढून घेते. पाणी सरले की हा राखणदार गेला. मग काही मिनिटांतच डाख ढिला होतो, आणि पुढच्या खेपेस पाणी भरले की ते सांध्यातून वाहू लागते.

बंबाची तोटी तळापासून थोडी वर बसविलेली असते, म्हणजे ती मोकळी सोडली तरी काही पाणी आत राहते. परंतु विस्तव तसाच ठेवून घरातील मंडळी कामाला लागली, तर तेही आटते. म्हणून आधी पाणी, मग विस्तव, आणि विस्तव असेतो बंब भरलेला, हा नियम घरातील लहान मुलालाही ठाऊक असावा. चुकून बंब कोरडा तापलाच, तर वरून गार पाणी ओतू नये. त्याने वाफेचा लोट अंगावर येतो आणि सांधे तडकतात. विस्तव ओढून घ्यावा व बंब आपोआप निवू द्यावा. जाळीखालची राखही रोज काढावी. ती ओली होऊन धातूला चिकटून राहिली तर तळ खाऊन टाकते.

गळती तोटीच्या आट्यांतून असेल, तर सूत गुंडाळून तोटी पुन्हा आवळली की बहुधा भागते. बाहेरच्या अंगावर हिरवी रेघ दिसली, तर तेथे पुष्कळ दिवसांपासून पाणी झिरपत आहे असे समजावे. विस्तवाच्या बाजूने मात्र मेण, डांबर किंवा बाजारातले लुकण लावून काही होत नाही. ते जळते आणि भोक मोठे होते. तेथे तांबटच पाहिजे. बंबातील पाणी कोणी पिण्यास किंवा स्वयंपाकास घेत असेल, तर शिसे नसलेला डाख वापरावयास त्याला आवर्जून सांगावे. शिसे शरीरास विषारी आहे.

गिझरची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे हात लावण्यापूर्वी वीज बंद करावयाची, आणि तीही नुसते बटण दाबून नव्हे तर मुख्य कळीपासून. त्यानंतर गार पाण्याची चावी बंद करावी. नळाच्या सांध्यातून पाणी येत असेल तर वायसर बदलून काम होते. पाणी तांबूस येत असेल आणि टाकीच्याच अंगातून पाझरत असेल, तर टाकी गंजली. तिला ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

परंतु गिझरच्या खालून, एका लहानशा झडपेतून, पाणी तापताना थेंब पडतात, त्यांविषयी मोठा गैरसमज आहे. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविले, तर ते सुमारे एक तृतीयांश लिटरने वाढते. टाकी बंद, वाढलेल्या पाण्याने जावे कोठे? त्यासाठीच ती संरक्षक झडप. तापताना पडणारे ते थेंब ही गळती नव्हे, ती टाकीची सुटका आहे. ही युक्ती जुनी आहे. रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीची अखेरची वर्षे चालू होती, त्या काळी म्हणजे १६७९ च्या सुमारास, देनी पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाफेवर अन्न शिजविणारे बंद भांडे तयार केले आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाने दाबलेली झडप बसविली. आपल्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी त्याच वंशातली.

ही झडप ‘गळते’ म्हणून जो तिला बूच मारतो, तो घरात स्फोटक ठेवून जातो. दाबाखालचे पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. टाकी फुटताच त्याचा काही भाग एकदम वाफ होतो, आणि एका लिटर पाण्याची वाफ सुमारे सतराशे लिटर जागा व्यापते. झडपेतून थेंबांऐवजी धार किंवा वाफ येऊ लागली, तर उष्णता आवरणारी कळ निकामी झाली असावी. अशा वेळी वीज तोडावी, न्हाणीघरातून बाहेर पडावे व जाणत्यास बोलवावे.

पाणी आणि वीज एकत्र आली की धोका दुणावतो. म्हणून गिझरच्या जोडणीस जमिनीशी जोडलेली तार असलीच पाहिजे, आणि तीस मिलिअँपिअर इतका प्रवाह वाट चुकताच वीज तोडणारी कळ घरात असावी. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी ह्या नद्यांचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले, तो दिवस कोणी विसरलेले नाही. पुरात बुडालेला गिझर वरून वाळलेला दिसला तरी आत चिखल व ओल राहते. वीजतंत्र्याने उघडून तपासल्यावाचून तो सुरू करू नये.

पाण्याखेरीज आणखी एक गळती असते, आणि ती दिसत नाही. बंद न्हाणीघरात बंबातील निखारे धुमसत राहिले किंवा गॅसचा गिझर चालू राहिला, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगून पडतो आणि उठत नाही. बंब शक्यतो पडवीत पेटवावा. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा, आणि वाऱ्याची वाट कधीही बुजवू नये.

आता कारागिराकडे वळू. पहिली गोष्ट ही की, कोणते काम कोणाचे हे समजून घ्यावे. तांब्याचा सांधा तांबटाचा, कल्हई कल्हईवाल्याची, नळ नळकारागिराचा आणि तार वीजतंत्र्याची. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचे ठोके आजही ऐकू येतात; परंतु पोलाद आणि प्लॅस्टिक घरोघर आल्यापासून तांबटाचे काम कमी झाले, आणि गावोगाव तो सहज भेटत नाही. भांड्यांच्या जुन्या दुकानदारास विचारावे. तो आपल्या गिऱ्हाइकांचे बंब कोणाकडे पाठवितो हे त्याला ठाऊक असते. नळकारागीर आणि वीजतंत्री ह्यांचे शिक्षण शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिळते, नळकारागिरास एक वर्षाचे व वीजतंत्र्यास दोन वर्षांचे. प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. चांगल्या कारागिराला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

महाड आणि पोलादपूर ह्यांमध्ये सुमारे वीस किलोमीटरचे अंतर आहे, आणि आंबेनळी घाटाच्या बाजूची खेडी त्याहूनही पुढे. कारागिराची एक फुकट खेप म्हणजे त्याची दिवसाची मजुरी बुडाली आणि आपले दोन दिवस गेले. म्हणून निरोप धाडताना आपली ती चार उत्तरे आणि गिझरची बनावट, त्याचे माप व वर्ष, एवढे कळवावे. म्हणजे तो योग्य वायसर बरोबर घेऊन येईल. बंब मात्र आपणच खाली न्यावा. तो रिकामा, कोरडा, जाळी व झाकणासह न्यावा आणि देण्यापूर्वी त्याचे वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. तांब्याला मोडीतही किंमत येते. वजन लिहिलेले असले की दोघांच्याही मनात किंतु राहत नाही.

भरवशाचा माणूस ओळखावा कसा? तो हत्यार काढण्यापूर्वी प्रश्न विचारतो. मजुरी किती आणि सामानाचे किती, हे वेगवेगळे सांगतो. काढलेला जुना भाग आपल्या हातात ठेवतो. दुरुस्तीत राम नसेल, तर स्वतःचे नुकसान सोसूनही तसे बोलतो. संरक्षक झडपेस तो कधी बूच मारीत नाही. आणि काम झाल्यावर पैसे घेण्यापूर्वी परीक्षा देतो. बंब असेल तर रात्रभर पाणी भरून कोरड्या कागदावर ठेवतो आणि मगच पेटवावयास सांगतो. गिझर असेल तर प्रथम गार पाण्याने, मग एकवार पूर्ण तापवून पाहतो. उलट, पाहण्याआधीच ‘हे सगळेच बदलावे लागेल’ असे जो म्हणतो, त्याला नमस्कार करून दुसरा शोधावा.

घरधन्याचेही काही कर्तव्य आहे. चार रुपयांसाठी इतकी घासाघीस करू नये की, कारागिराने डाख पातळ लावावा. काम होताच मजुरी द्यावी. उधारीच्या घरी कोणी दुसऱ्यांदा धावत येत नाही. आणि त्याला बोलवावयाचे ते पावसात नव्हे. वैशाखात कौले चाळतो, सरपण भरून ठेवतो, त्याच सुमारास, मृग लागण्यापूर्वी, बंब एकदा उन्हात कोरडा करून पाण्याने भरावा, त्याच्याखाली कागद पसरावा आणि रात्र जाऊ द्यावी. सकाळी कागद कोरडा असेल तर उत्तम. ओला असेल तर कारागिराकडे जाण्यास वाट मोकळी आहे, आणि हाताशी अजून पुष्कळ दिवस आहेत.