चांदी अस्वल आणि आपली जीवदया

उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापीचे पात्र आणि मधल्या काळ्या मातीत उसाचे व केळीचे मळे, असा शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगरचा परिसर. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव दूरवर परिचित झाले. याच सातपुड्याच्या पूर्वेकडील मेळघाटात एक निशाचर प्राणी राहतो. मराठीत त्याला ‘चांदी अस्वल’ म्हणतात, हिंदीत ‘बिज्जू’. नावात अस्वल असले, तरी तो अस्वलाच्या नव्हे, तर मुंगूसासारख्या ठेंगण्या बांध्याच्या, पाणमांजराच्या कुळातील आहे.

पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत रुपेरी झूल आणि खाली काळेभोर अंग, यावरून त्याला सहज ओळखता येते. वजन साधारणतः सात ते तेरा किलो. पुढच्या पायांची लांब, बळकट नखे हे त्याचे मुख्य साधन. त्यांनी तो बिळे उकरतो आणि उंदीर, सरडे, साप, विंचू, कीटक यांवर निर्वाह करतो. मधमाश्यांच्या पोळ्यातील अळ्या व मध त्याला विशेष प्रिय आहेत. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘मध खाणारा’ असाच आहे. युरोपातील बॅजर कळपाने एकाच मोठ्या बिळात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. हा मात्र एकटा हिंडतो. आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात केलेल्या अभ्यासात एकेका मादीचा वावर सरासरी शंभराहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रात आढळला. मादीला बहुधा एकच पिल्लू होते आणि ते बारा ते सोळा महिने आईवर अवलंबून असते. म्हणूनच एका मादीच्या मृत्यूबरोबर अनेकदा तिचे पिल्लूही जाते.

या जीवाविषयी लोकांच्या मनात भय फार. उकरण्याच्या सवयीमुळे तो थडगी उकरणारा म्हणून बदनाम झाला. रूपाने व स्वभावाने वेगळ्या असलेल्या मसण्या उदाशीही त्याची गल्लत होते. वास्तविक माणसाची चाहूल लागताच तो शक्यतो निघून जातो. कोंडीत सापडला, तरच केस फुलवतो, गुरगुरतो, दुर्गंधी सोडतो आणि प्राणपणाने चावतो. त्याची जाड, सैल कातडी शत्रूच्या पकडीतही त्याला वळून प्रतिकार करू देते. हा क्रोध स्वसंरक्षणाचा आहे. काठ्या घेऊन जमलेल्या जमावाला तो क्रूर वाटतो, कारण जमावाने त्याची वाट अडवलेली असते.

चंडकौशिक सर्पाची कथा प्रत्येक जैन घरात मुलांना सांगितली जाते. ज्या वाटेने जाण्यास सारे भीत होते, त्याच वाटेने प्रभू महावीर निर्भयपणे गेले आणि सर्पाच्या विषापुढे त्यांनी करुणाच ठेवली. भयभीत जीवाशी आपण कसे वागावे, हा त्या कथेतला आपल्यासाठीचा प्रश्न आहे. चांदी अस्वल मध खाते, उंदीर मारते, म्हणून ते दयेस अपात्र ठरत नाही. तिर्यंच गतीतील जीव आपल्या स्वभावानुसार जगतो. विवेकाने त्याग करण्याचे सामर्थ्य मनुष्यभवाला लाभले आहे. मध वर्ज्य करणाऱ्या श्रावकाने मध खाणाऱ्या प्राण्यालाही अभय द्यावे, यात विसंगती मुळीच नाही.

कायदाही हेच सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. परंतु शिक्षेच्या धाकापेक्षा थोडी समज अधिक उपयोगी पडते. शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ असा प्राणी दिसल्यास गर्दी करू नये, कुत्री सोडू नयेत, त्याला निसटण्यास मोकळी वाट ठेवावी. विहिरीत पडला असल्यास किंवा जखमी असल्यास स्वतः हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. उंदरांसाठी बांधावर उघडे विष टाकणेही टाळावे. विषाने मेलेला उंदीर दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात जाऊ शकतो.

जीवदयेसाठी आपण पांजरापोळांना दान देतो, पक्ष्यांना दाणे घालतो. ते पुण्याचेच आहे. मात्र गाय आणि कबुतर यांच्यावर प्रेम करणे सोपे असते. ज्याचे रूप भयावह आणि नाव बदनाम, अशा जीवासाठी हातातली काठी खाली ठेवणे, ही अहिंसेची अधिक कठीण परीक्षा होय.