भरलेले पाणी आणि राहिलेली हवा

मे २०२३ मध्ये धुळ्याचे एक लग्नकार्य आटोपून आम्ही सहकुटुंब इंदूरला परतत होतो. शिरपूर मागे पडले, बिजासनचा घाट सुरू झाला आणि मालट्रकांच्या रांगेमागून चढत असता आमच्या जुन्या मोटारीचा उष्णतामापक काटा, जो इतका वेळ शहाण्यासारखा मध्यावर बसून होता, एकाएकी तांबड्या रेषेला जाऊन भिडला. मागच्या आसनावर वृद्ध आई, आणि प्यायच्या पाण्याच्या दोनच बाटल्या! गाडी कडेला घेऊन आम्ही रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागच्या ट्रकचा चालक ओरडला, ‘‘बाबूजी, हाथ मत लगाना!’’ झाकणाखाली दाबाने कोंडलेले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच मात्र ते वाफेसह तोंडावर उसळते. त्या गृहस्थाचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

तासाभराने झाकण काढले, तेव्हा रेडिएटरने लिटरहून अधिक पाणी गिळले. गळती कोठेच नव्हती. निघण्यापूर्वी चारच दिवस एका गॅरेजात कूलंट बदलून घेतले होते. तेथे ते काठोकाठ ओतून झाकण लावले गेले; आत अडकलेली हवा काढण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. जाताना घाट उतरावयाचे असल्याने तिचा उपद्रव जाणवला नाही इतकेच. काटा हलतो तो पाण्यात बुडालेल्या संवेदकामुळे. त्याच्याभोवती हवेचा बुडबुडा असेल, तर इंजिन भाजत असतानाही काटा निवांत राहतो. ॲल्युमिनियमचे हेड वाकते किंवा गॅस्केट फुंकते, ते अशाच वेळी.

तेव्हापासून हे काम आम्ही घरीच करतो. इंजिन पूर्ण गार असावे. रेडिएटरच्या तळाची तोटी सोडून जुने कूलंट घमेल्यात घ्यावे. ते अंगणात मुळीच सोडू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण जहाल विषारी असते. गल्लीतले कुत्रे काय किंवा रांगते मूल काय, चाटल्यास प्राणावर बेतते. झाकणबंद डब्यात भरून ते जुने तेल घेणाऱ्या गॅरेजात देऊन यावे.

नवे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर सामान्यतः निम्मे निम्मे घ्यावे. मात्र तयार मिश्रण आणले असेल तर त्यात पाणी घालू नये. बोरिंगचे पाणी तर नकोच. आमच्या घरच्या पातेल्यांच्या बुडाशी बसणारा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला म्हणजे काय होईल, हे गृहिणींना सांगावयास नको.

खरे काम पुढेच आहे. मोटारीचे नाक उंच राहील अशा उतरत्या जागी ती हातब्रेक लावून, चाकांना दगड देऊन उभी करावी. हीटरची मूठ पूर्ण ‘गरम’वर ठेवावी, म्हणजे डॅशबोर्डामागच्या नळ्यांतही पाणी फिरते. कूलंट बारीक धारेने ओतावे, आणि झाकण न लावता इंजिन मंद चालू ठेवावे. वरचा रबरी पाइप मधून मधून दाबला की बुडबुडे वर येतात. मात्र पंखा कधीही फिरू लागतो, तेव्हा हात आणि पदर, दोन्ही दूर. इंजिन साधारण ८० अंशांवर गेले की थर्मोस्टॅट उघडतो, वरचा पाइप चटका देऊ लागतो आणि पातळी एकदम खाली जाते. अननुभवी माणूस येथे घाबरतो. वस्तुतः हवेने जागा सोडली, हाच त्याचा अर्थ! तेवढे ओतावे. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून गरम वारा येऊ लागला, की झाकण घट्ट बसवावे. काही गाड्यांना हवा सोडण्याचा निराळा स्क्रू असतो. आपल्या गाडीची पद्धत पुस्तिकेत पाहूनच हात घालावा.

दुसऱ्या सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. पहिल्या खेपेस आमच्या गाडीने आणखी पेलाभर घेतले.

डिसेंबर २०२४ मध्ये आईला घेऊन तोच घाट पुन्हा चढलो. काटा मध्यावरून हलला नाही, हीटरची ऊबही कायम राहिली. आईने मात्र या खेपेस पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या होत्या.