गाऱ्हाणे कोणी मांडायचे?
महाविद्यालयात गेलेल्या आपल्या मुलांचा प्रतिनिधी कोण, याचा विचार गावाने करायला हवा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. 'सर, माझं नाव चुकलंय म्हणतात,' एवढेच म्हणाला आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिला.

नाव चुकलेले नव्हते. त्याच्या नावात 'ज्ञ' हे अक्षर आहे. मराठीत आपण ज्ञचा उच्चार 'द्न्य' असा करतो. म्हणून आधार कार्डावर त्याच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग डी, एन, वाय या अक्षरांनी लिहिले गेले. कन्नडमध्ये याच अक्षराचा उच्चार 'ज्न'च्या जवळ जातो. दहावीचा अर्ज भरताना नाव आधी कन्नडमध्ये लिहिले गेले, त्यावरून इंग्रजी झाले, आणि मार्क्स कार्डावर जे, एन असे उतरले. मुलगा एकच, नाव एकच, घरात हाक मारतात तीही एकच. पण संगणकाच्या लेखी ही दोन माणसे झाली आणि शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला.

महाविद्यालयाच्या कार्यालयाने सांगितले, विद्यापीठात जा. विद्यापीठाच्या खिडकीवर सांगितले, हे दहावीचे मार्क्स कार्ड आहे, बोर्डाकडे जा. बोर्डाच्या कार्यालयात सांगितले, शाळेमार्फत या. एकेका खेपेला एकेक दिवस बुडाला. शाळेपर्यंत पोहोचेस्तोवर अर्जाची मुदत संपली होती. आणि येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. दहावीच्या वेळी नावांची जी यादी पडताळणीसाठी शाळेत आली होती, तिच्यावर वर्गशिक्षक म्हणून माझीच सही आहे.

मी त्याला विचारले, 'अरे, तुमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी कोण आहे? त्याला का नाही सांगितलंस?' तो म्हणाला, 'तसं कोण नाही सर. गॅदरिंगला नेमतात तेवढेच.'

त्याच्या या उत्तराने मी अस्वस्थ झालो. आजचा लेख त्यासाठी.

एक वही आणि सतरा नावे

आम्ही महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा, म्हणजे १९८८ च्या सुमारास, वर्गावर्गांतून प्रतिनिधी निवडले जात. चिठ्ठ्या टाकून मतदान होई. मीही एक वर्ष निवडून आलो. निवडून आल्यावर काय करायचे असते, याची मला काडीमात्र कल्पना नव्हती. क्रिकेटचे साहित्य, स्नेहसंमेलनाची वर्गणी आणि मोर्चात पुढे उभे राहणे, एवढीच माझी समज.

त्या वर्षी परीक्षेला चार दिवस उरले असताना आमच्यातल्या सतरा जणांची हॉल तिकिटे आली नाहीत. बहुतेक सगळे खेड्यांतून बसने येणारे. कोणाची फी उशिरा भरलेली, कोणाचा फोटो चिकटवायचा राहिलेला. आम्ही रागाने कार्यालयाच्या दारात जमलो. घोषणा सुरू होणार, तेवढ्यात विद्यार्थी संघाचा सेक्रेटरी आला. तो बैलहोंगलकडचा, कन्नड भाषक, मराठी मोडकीतोडकी बोलणारा. त्याने आधी एक वही उघडली. प्रत्येकाला समोर बसवून नाव, रोल नंबर, फी भरल्याची पावती, तारीख, सगळे लिहून घेतले. आम्ही मराठीत सांगत होतो, तो कन्नडमध्ये लिहीत होता. मग अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक कार्यालयात दिली, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. 'घोषणा नंतर, पहिला शिक्का,' असे तो म्हणाला होते ते आजही आठवते.

दुसऱ्या दिवशी तो प्राचार्यांकडे गेला, तिसऱ्या दिवशी विद्यापीठात. परत येऊन काय झाले ते मोडक्या मराठीत आम्हाला समजावून सांगितले आणि फलकावर लिहून लावले. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सतराही हॉल तिकिटे हातात पडली.

त्या वहीने मला जे शिकवले ते शिक्षणशास्त्राच्या पदवीत शिकायला मिळाले नाही. विद्यार्थी प्रतिनिधीचे काम भाषण करणे नव्हे. ज्याला कार्यालयाची भाषा येत नाही त्याचे म्हणणे ऐकायचे, ते कार्यालयाला समजेल अशा भाषेत आणि पुराव्यासह मांडायचे, आणि मिळालेले उत्तर पुन्हा त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत आणायचे, हे ते काम आहे. थोडक्यात, प्रतिनिधी हा दुभाष्या असतो. आपल्या सीमाभागात तर तो दोन्ही अर्थांनी दुभाष्या असावा लागतो. खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेली मुलगी कन्नडमधील नोटीस वाचू शकत नाही, इंग्रजीतील परिपत्रक वाचते पण उमगत नाही, आणि विचारायला संकोच वाटतो. तिच्या वतीने बोलणारे कोणी नसेल तर तिचे वर्ष गप्प राहूनच वाया जाते.

निवडणुका का थांबल्या?

आमच्यानंतर हे सारे संपले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकात विद्यार्थी संघांच्या निवडणुका बंद झाल्या. महाराष्ट्रातही तेच घडले. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, महाविद्यालयीन निवडणुकांतील हाणामाऱ्यांवर टीका होऊ लागली, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मतदानाऐवजी गुणांच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली.

निवडणुका बंद करणाऱ्यांचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. पैसा, दारू, जीपगाड्या आणि बाहेरची माणसे आम्हीही पाहिली आहेत. पण भांडणे बंद करण्याच्या नादात वहीही बंद झाली. वर्गात पहिला येणारा मुलगा हुशार असतो यात शंका नाही. मात्र हॉल तिकीट न आलेल्या सतरा जणांजवळ जाऊन बसण्याचे बंधन त्याच्यावर नसते, कारण त्या सतरा जणांनी त्याला निवडलेले नसते. जो निवडून येतो त्याला उद्या पुन्हा त्याच तोंडांसमोर उभे राहायचे असते. फरक आहे तो एवढाच, आणि तो मोठा आहे.

गैरप्रकारांवर उपाय नाहीत असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून केंद्र सरकारने नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ साली अहवाल दिला आणि त्याच वर्षी न्यायालयाने त्यातील शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के हवी, खर्च ५,००० रुपयांवर जाता कामा नये, छापील पोस्टर नकोत, गुन्ह्याची नोंद असलेला उमेदवार नको, राजकीय पक्षांचा पैसा नको, अशा त्या अटी आहेत. खेड्यातून बसने येणाऱ्या गरीब मुलालाही उभे राहता यावे, असाच त्यांचा रोख दिसतो. पुढे महाराष्ट्राने २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका परत आणल्या. अध्यक्ष आणि सचिव यांच्याबरोबर एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांपैकी फिरत्या क्रमाने एक प्रतिनिधी अशी त्यात तरतूद आहे. २०१९ साली या निवडणुका जाहीर झाल्या, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या.

आपल्याकडे तर एकाच गल्लीतली दोन मुले दोन राज्यांच्या कायद्याखाली शिकतात. एक राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयात, दुसरा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. दोघांनाही 'तुझा प्रतिनिधी कोण?' असे विचारून पाहा. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

गोव्याने काय मिळवले

संघटित विद्यार्थी काय करू शकतात याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९७८-७९ मध्ये गोव्यातील विद्यार्थ्यांनी बसभाड्यात ५० टक्के सवलतीची मागणी केली. त्या काळी गोव्यात प्रवासी वाहतूक खाजगी बसवाल्यांच्या हाती होती. आंदोलन साऱ्या गोव्यात पसरले, शाळा-महाविद्यालये ओस पडली आणि शेवटी सवलत मिळाली. पुढे १९८० साली सरकारच्या मालकीचे कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले.

या लढ्यातून घेण्यासारखी गोष्ट कोणती? मला वाटते, मागणीचा नेमकेपणा. 'विद्यार्थ्यांचे प्रश्न सोडवा' अशी ती मागणी नव्हती. 'भाडे निम्मे करा' अशी होती. पेडण्याच्या पोराला कळत होती, काणकोणच्या पोराला कळत होती आणि मंत्र्यालाही कळत होती. वर्गात जाण्यासाठी आधी वर्गापर्यंत पोहोचावे लागते, हे त्या मागणीत होते. आपल्या मुलांनाही हा प्रश्न अनोळखी नाही. राज्याची हद्द ओलांडली की एका राज्याच्या महामंडळाचा पास दुसऱ्याच्या बसमध्ये चालत नाही, हे चंदगड, निपाणी, खानापूर या बाजूच्या पालकांना सांगायला नको. पण पासाची ही अडचण नावानिशी, गाववार यादी करून कोणी कोणाच्या टेबलावर ठेवली आहे का?

निवडणूक नाही म्हणून गप्प बसायचे का?

निवडणुका होतील तेव्हा होतील. तोवर काही दारे उघडी आहेत आणि आपण ती ठोठावत नाही.

पहिले दार राज्यघटनेचे. सीमाभागात भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांची चर्चा होते तेव्हा कलम ३५० अ आणि ३५० ब यांचा उल्लेख होतो. पण त्यांच्या आधीचे साधे ३५० वे कलम आपण विसरतो. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे अगर प्राधिकरणाकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क ते प्रत्येक व्यक्तीला देते. म्हणजे अर्ज मराठीत आहे एवढ्या कारणाने तो परत करता येत नाही. हा हक्क जपलाच पाहिजे. पण अनुभवाने एक सांगतो, मराठी अर्जाला कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. त्याने हक्क कमी होत नाही, काम मात्र लवकर होते.

दुसरे दार विद्यापीठ अनुदान आयोगाचे. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. अध्यक्ष प्राध्यापक, चार सदस्य प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी, अशी तिची रचना आहे. अध्यक्ष-सदस्यांत किमान एक महिला आणि एक जण मागास प्रवर्गातील हवा. प्रवेशातील अनियमितता, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रे, लांबलेले निकाल, रखडलेली शिष्यवृत्ती हे सारे तिच्या कक्षेत येते. तक्रार आल्यापासून शक्यतो कामाच्या १५ दिवसांत समितीने अहवाल द्यायचा आहे, आणि त्याची प्रत तक्रारदारालाही. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते, आणि ते ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न लोकपालाने करायचा असतो.

त्या समितीवरचा विद्यार्थी नेमलेला असतो, निवडलेला नसतो, ही उणीव खरीच. पण आपल्या महाविद्यालयात ही समिती आहे का, तिच्यावर कोणता विद्यार्थी आहे, हे तरी आपल्या मुलांना माहीत आहे का? मी गावातल्या नऊ मुलांना विचारले. एकालाही सांगता आले नाही. हा दोष त्यांचा नाही. आम्ही शिक्षकांनी त्यांना निबंध शिकवला, पत्रलेखनही शिकवले. पण अर्जाची पोच घ्यायची असते हे कधी शिकवले नाही.

गावाने काय करावे

मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण झगडतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या शाळेतून बाहेर पडलेले मूल पुढच्या खिडकीवर एकटे पडत असेल तर आपले काम अर्धेच झाले. समितीचा सभासद या नात्याने बैठकीत मी एक साधी सूचना मांडली आहे, तीच येथे सर्वांसमोर ठेवतो. प्रत्येक गावात महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची एक वही असावी. मुलांनी आपल्यातूनच एक मुलगा आणि एक मुलगी प्रतिनिधी म्हणून निवडावी. त्यांच्यापैकी एकाला तरी कन्नड उत्तम लिहिता यावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आमची हॉल तिकिटे कन्नड मुलाच्या कन्नड अर्जानेच आली होती, आणि त्या अर्जातले दुखणे मराठी होते. अडचण आली की आधी नावे, मग अर्ज, मग पोच. दहावीच्या नावांची यादी शाळेत आली की पालकांना बोलावून आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. हे शेवटचे काम आमच्या शाळेत आता सुरू केले आहे.

त्या मुलाचे काय झाले? शाळेने पत्र दिले, नावाची दुरुस्ती झाली, पण तिला काही महिने लागले. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. तिची भरपाई माझ्या सहीला करता येणार नाही.

परवा तो पुन्हा आला होता. या वेळी पिशवी नव्हती, शंभर पानी वही होती. त्याच्या महाविद्यालयातील ज्यांच्या नावांचा असाच घोटाळा झाला आहे अशा अकरा जणांची नावे त्याने लिहून आणली होती. त्यांपैकी चौघे कन्नड माध्यमाचे. 'सर, अर्ज एकच करू की अकरा?' त्याने विचारले.

मी म्हटले, 'एकच कर, खाली अकरा सह्या घे. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नकोस.'