आठवडी बाजाराची भाजी आणि फ्रिजमधील कोरडी हवा

वाशीसारख्या तालुक्याच्या गावी ताज्या भाजीचा हिशेब आठवडी बाजाराशी बांधलेला असतो. एकदा आणलेली भाजी पाच-सहा दिवस पुरवायची असते. त्यातच बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अष्टमी किंवा चतुर्दशी आली, तर हिरवी भाजी वर्ज्य मानणाऱ्या घरात मेथीची जुडी तशीच पडून राहते. सारी भिस्त मग फ्रिजवर. आणि तिसऱ्या दिवशी कोथिंबीर काळवंडलेली, काकडी मऊ पडलेली आढळते. दुकानातील तुरीच्या पोत्याला ओल लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या कुटुंबात हे नुकसान मात्र कोणत्याच वहीत चढत नाही. शिवाय सडणाऱ्या भाजीत जीवोत्पत्ती होते. त्यामुळे जैन घरात हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

भाजीचा करकरीतपणा म्हणजे तिच्यातील पाणी. पालकात सुमारे ९१ टक्के, तर काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. पेशी पाण्याने भरलेल्या असतात तोवर पान ताठ राहते. भाजी उपटली की मुळांकडून येणारे पाणी थांबते. पानांतून बाहेर जाणारी वाफ मात्र चालूच राहते. थंडीमुळे ही क्रिया मंदावते, हे खरे. परंतु फ्रिजमधील हवेतले बाष्प त्याच्या थंड भागावर गोठत असल्याने आतली हवा कोरडी होते. म्हणून कप्प्यात उघडी ठेवलेली जुडी थंडीतही सुकते. उलट, ओली भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली, तर पानांवर थेंब साचून कुजण्यास आरंभ होतो. पानातले पाणी जाऊ द्यायचे नाही आणि पानावर पाणी साचू द्यायचे नाही, एवढे साधले की काम झाले.

पालेभाजी बाजारातून येताच निवडावी. पिवळी, किडकी पाने व जुडीचा दोरा काढावा, पण भाजी धुऊ नये. धुणे व चिरणे स्वयंपाकाच्या वेळीच करावे. कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून ती झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि डबा खालच्या भाजीच्या कप्प्यात. फडके दमट झाले की बदलावे. कोथिंबिरीची मुळे शाबूत असतील तर ती पाण्याच्या पेल्यात उभी करून वरून पिशवी सैल पांघरणे अधिक चांगले. हिरव्या मिरचीचे देठ काढावेत, लिंबे बंद डब्यात ठेवावीत. काकडी व भेंडी यांना फार थंडी सोसत नाही. १० अंशांखाली अनेक दिवस राहिल्यास काकडीला खळगे पडतात. त्या आधी संपवाव्यात. कच्चा टोमॅटो तर बाहेरच बरा.

शेजारही पाहावा लागतो. पिकलेली केळी, आंबा, पपई व सफरचंद यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते. (कुंथलगिरीचा खवा त्याच फ्रिजमध्ये उघडा ठेवणाऱ्यांना मेथीचा वास लागलेले पेढे खावे लागतात, तो भाग निराळा.) मागच्या भिंतीला टेकलेली पाने गोठतात, बर्फाच्या कणांनी पेशी फाटल्या की ती पुन्हा ताठ होत नाहीत. केवळ सुकलेली भाजी मात्र पंधरा-वीस मिनिटे गार पाण्यात ठेवल्यास पुष्कळदा टवटवीत होते, परंतु ती त्याच दिवशी वापरावी.

वीज गेली असता फ्रिजचे दार उघडू नये; बंद फ्रिज सुमारे चार तास थंडी धरून ठेवतो. वीज त्याहून अधिक वेळ जात असेल, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष विचारात घेण्याजोगा आहे. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, ती सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवायची आणि वर ओल्या तरटाचे झाकण. वाळूतील पाणी वाफ होऊन जाताना आतली उष्णता नेते. माठात पाणी गार होते ते याच नियमाने. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा नियम चांगला लागू पडतो, आणि आतली हवा दमट राहत असल्याने पालेभाजी सुकत नाही. पावसाळ्यात मात्र हवाच ओली असल्याने त्याचा उपयोग घटतो. पण चातुर्मासात पालेभाजी न आणणाऱ्या घरांत तेव्हा तो फारसा लागतही नाही.