प्रसूतीतील एपिड्यूरल वेदनाशमन : गुंतागुंतीचे जोखीम घटक

प्रसूतीच्या कळा सुसह्य करण्यासाठी पाठीच्या कण्यातील एपिड्यूरल पोकळीत बारीक नळीवाटे औषध सोडण्याच्या पद्धतीस एपिड्यूरल वेदनाशमन असे म्हणतात. बहुसंख्य स्त्रियांमध्ये ही पद्धत सुरक्षित ठरते. तथापि काही परिस्थितींत गुंतागुंतीची शक्यता वाढते. अशा परिस्थितींना जोखीम घटक म्हणतात. जोखीम घटक असणे म्हणजे एपिड्यूरल निषिद्ध असणे नव्हे. यांपैकी बरेच घटक कळा सुरू होण्यापूर्वीच ओळखता येतात.

पद्धत

मज्जारज्जू व त्याभोवतीचा मेरुद्रव ज्या जाड आवरणात असतो, त्यास ड्यूरा म्हणतात. एपिड्यूरल पोकळी या आवरणाच्या बाहेर असते. प्रौढ व्यक्तीत मज्जारज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. म्हणून भूलतज्ज्ञ त्याखालील जागा निवडतात. सुईतून नळी आत सरकवून सुई काढून घेतली जाते. नळीतून ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे भुलीचे औषध अल्प प्रमाणात, बहुधा फेंटॅनिलच्या जोडीने, दिले जाते.

गुंतागुंत आणि तिचे जोखीम घटक

रक्तदाब उतरणे : औषधामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. शरीरात पाणी कमी असल्यास, रक्तस्राव झाला असल्यास किंवा स्त्री उताणी झोपली असल्यास रक्तदाब अधिक उतरतो. त्यामुळे वारेचा रक्तपुरवठा घटून बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. हृदयाची झडप अतिशय अरुंद असलेल्या स्त्रियांसाठी हा धोका गंभीर असतो.

डोकेदुखी : सुईने ड्यूराला छिद्र पडल्यास मेरुद्रव गळतो. असे साधारणतः शंभरांतील एका स्त्रीच्या बाबतीत घडते. त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांना बसल्यावर वाढणारी व आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी होते. कळांमुळे स्थिर बसता न येणे, सुई वारंवार टोचावी लागणे आणि भूलतज्ज्ञाचा अनुभव कमी असणे यांमुळे छिद्र पडण्याची शक्यता वाढते.

कण्यात रक्त साकळणे : ही गुंतागुंत अतिशय दुर्मीळ असली, तरी तिच्यामुळे पायांना कायमचा लुळेपणा येऊ शकतो. गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या विकारात प्लेटलेट घटणे आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे हे तिचे प्रमुख जोखीम घटक होत. प्लेटलेटची संख्या प्रति मायक्रोलिटर ७०,००० किंवा त्याहून अधिक असल्यास आणि अन्य दोष नसल्यास धोका सामान्यतः अत्यल्प मानला जातो. कमी रेणुभाराच्या हेपारिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर किमान १२ तास, तर उपचारात्मक मात्रेनंतर २४ तास थांबावे लागते.

जंतुसंसर्ग : सुई टोचण्याच्या जागी त्वचेचा संसर्ग, रक्तात पसरलेला संसर्ग आणि क्षीण प्रतिकारशक्ती यांमुळे संसर्गाचा धोका वाढतो.

अपुरा परिणाम : कण्याचा बाक, पूर्वी झालेली कण्याची शस्त्रक्रिया व अतिस्थूलता यांमुळे नळी योग्य जागी बसविणे कठीण होते.

औषधाची विषबाधा : गरोदरपणात एपिड्यूरल पोकळीतील शिरा फुगलेल्या असतात. नळी शिरेत शिरल्यास औषध थेट रक्तात मिसळून झटके येऊ शकतात किंवा हृदयक्रिया बिघडू शकते. म्हणून औषध थोडेथोडे, चाचणी घेत दिले जाते.

लाभ आणि जोखीम यांचा तोल

ज्या स्त्रियांमध्ये एपिड्यूरल देणे अवघड असते, त्यांनाच कित्येकदा त्याचा लाभ अधिक होतो. अतिस्थूल स्त्रीवर तातडीचे सिझेरियन करावे लागल्यास पूर्ण भूल धोक्याची ठरू शकते. आधीच नीट बसविलेल्या नळीतून भूल देऊन ती बहुधा टाळता येते. म्हणून अशा स्त्रियांनी प्रसूतीपूर्वीच भूलतज्ज्ञाची भेट घेणे हितावह असते. चालू औषधे, रक्तस्रावाची प्रवृत्ती, कण्याचे विकार, हृदयविकार आणि पूर्वीच्या भुलीचा अनुभव ही माहिती त्या वेळी महत्त्वाची ठरते.

एपिड्यूरलमुळे कायमची पाठदुखी जडते, हा समज संशोधनातून सिद्ध झालेला नाही. त्यामुळे सिझेरियनचे प्रमाण वाढते असेही आढळलेले नाही.

प्रसूतीनंतरची धोक्याची लक्षणे

पायांतील बधिरता किंवा अशक्तपणा अपेक्षित वेळेत न ओसरणे अथवा पुन्हा वाढणे, लघवीवरील ताबा जाणे, तापासह तीव्र पाठदुखी आणि न थांबणारी डोकेदुखी ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब तपासणी आवश्यक असते. कण्यात साकळलेले रक्त वेळीच काढल्यास पाय वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.