बोरघाटाचे तीन धडे

कल्पनाशक्ती ही कवींची व चित्रकारांची मिरास होय, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. व्यवहारी माणसाने तिच्यापासून चार पावले दूरच राहावे, असेही पुष्कळ पालकांस वाटते. आणि मुलगा खिडकीबाहेर पाहत बसला की "ह्याचे चित्त ठिकाणावर नाही" असे म्हणून त्याला पुस्तकाकडे वळविण्यात येते. मुलगा आळसाने बसला असेल तर हे योग्यच. परंतु जे डोळ्यांपुढे नाही ते मनश्चक्षूंनी पाहण्याची शक्ती परमेश्वराने मनुष्यास उगाच दिलेली नाही. तिच्यावाचून पूल बांधता येत नाही, शेत पेरता येत नाही, आणि शेजाऱ्याचे दुःखही कळत नाही. ह्याचा दाखला शोधावयास आम्हां मावळातील लोकांना दूर जावयास नको. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारा लोहमार्ग हा आमच्या दारातच उघडून ठेवलेला ग्रंथ आहे. आपण त्यावरून गाडीत बसून कितीतरी वेळा जातो. आज तो थोडा वाचून पाहू.

कोकण व देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. बोरघाटाची पायवाट फार जुनी. बैलांचे तांडे तिने चढत असत. १८०४ साली जनरल वेलस्लीने ती तोफा नेण्याजोगी करविली, आणि १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तेथे गाड्यांचा रस्ता खुला झाला. पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५६ साली रूळ घाटाखाली खोपोलीपर्यंत आले, आणि १८५८ साली घाटावर खंडाळ्याहून पुण्याकडे गाडी धावू लागली. मधला घाट तेवढा राहिला. प्रवाशांनी खोपोलीस उतरावे, पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने घाट चढावा आणि वर पुन्हा आगगाडीत बसावे, असा क्रम पाच वर्षे चालला होता.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले ह्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो असा : आगगाडीला बैलाप्रमाणे उभा कडा चढता येत नाही. चढ अल्प असावा लागतो, आणि वळण सावकाश असावे लागते. येथे तर पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत १,८३१ फूट उंची गाठावयाची होती. बर्कले ह्यांनी डोंगर पालथा घातला, एकामागून एक वाटा मोजून पाहिल्या, आणि अखेरीस सुमारे १६ मैलांचा मार्ग आखला. त्यावर २५ बोगदे व ८ मोठे कमानींचे पूल होते, आणि सर्वांत कठीण ठिकाणी ३७ फुटांस १ फूट असा चढ होता. एके ठिकाणी डोंगराची सोंड इतकी अरुंद निघाली की गाडी वळविण्यास जागाच उरली नाही. तेथे त्यांनी वळण घेण्याचा विचारच सोडून दिला. गाडीने सरळ सोंडेच्या टोकापर्यंत जाऊन थांबावे. इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे. आणि मग शेपटाचे तोंड करून गाडीने दुसऱ्या दिशेने पुढचा चढ चढावा. हेच ते रिव्हर्सिंग स्टेशन. १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत पुण्यास जाणारी प्रत्येक गाडी तेथे तोंड फिरवीत असे.

हा झाला पहिला धडा. स्वप्न आणि कल्पना ह्यांत भेद आहे. स्वप्नाला मोजणी लागत नाही, कल्पनेला लागते. नहेम्याने यरुशलेमेच्या तटाची पुनर्बांधणी मनात धरली तेव्हा तो कोणास काही न बोलता रात्री बाहेर पडला आणि पडझडीची एकेक जागा स्वतः पाहून आला. मगच त्याने लोकांपुढे आपला मनोदय सांगितला. खरी कल्पनाशक्ती अशी पायी चालते. जो विद्यार्थी भूमितीची आकृती मनात फिरवून पाहतो, किंवा इतिहासाचे पान वाचताना त्या माणसांच्या जागी स्वतःला उभे करतो, तो हीच शक्ती वाढवीत असतो.

येथे एक लोककथा आठवते. घाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबांना घाटातील सोपी वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितले, तेव्हा त्याला गोळी घालण्यात आली, असे लोक सांगतात. ह्या कथेस इतिहासाचा दर्जा देता येणार नाही. परंतु ती इतकी वर्षे टिकून राहिली ह्यात अर्थ आहे. डोंगराचे ज्ञान नकाशा काढणाऱ्याच्या अगोदर गुरे चारणाऱ्यास होते, आणि त्याचे नाव मात्र कोणत्याही शिलालेखावर नाही, ही खंत तिच्यात साठविलेली आहे.

आता दुसरा धडा. आराखडा कितीही उत्तम असो, तो अमलात आणताना रोज निर्णय करावे लागतात, आणि कामाचे बरेवाईट तेथेच ठरते. १८५६ साली फेव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने घाटाचे काम हाती घेतले. मजूर दोरांना लोंबकळत कड्यात सुरुंगाची भोके पाडीत. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे, आणि पटकीच्या साथी तळांवरून फिरत. असल्या कामाची मजुरीसुद्धा पोटकंत्राटदारांकडून वेळेवर मिळेना. अखेर जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा क्षोभ होऊन दंगा झाला, आणि थोड्याच दिवसांत फेव्हिएलने कंत्राट सोडले. कागदावर दगड, चुना व दारू यांचा हिशेब चोख होता. ज्याची चूल आठवड्याच्या मजुरीवर पेटते त्या माणसाची कल्पना मात्र कोणी केली नव्हती. पुढे १८६० साली अशा कामांवरील मजुरीच्या तंट्यांसाठी सरकारला कायदा करावा लागला.

त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार विलायतेहून आले, आणि काही आठवड्यांतच, १८५९ संपण्यापूर्वी, मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस परक्या देशात विधवा झाली. तिने सर्व सोडून स्वदेशी परत जावे, ह्यात कोणासही वावगे वाटले नसते. तिने कंत्राट स्वतःकडे घेतले. पण मी सर्व जाणते, असा आविर्भाव तिने केला नाही. ॲडमसन व क्लाउसर ह्या दोन अनुभवी अभियंत्यांवर तिने कामाची व्यवस्था सोपविली. १८६१ साली कामावरील माणसांची संख्या ४२,००० च्या वर गेली होती. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचा मार्ग खुला झाला. शलमोन राजाने देवाजवळ धन मागितले नाही की शत्रूचा नाश मागितला नाही. न्याय करण्यासाठी ऐकणारे अंतःकरण मागितले. शहाणा निर्णय म्हणजे काय, ह्याची किल्ली ह्या मागणीत आहे. आपल्याला काय येत नाही हे ओळखणे, ज्याला येते त्याचे ऐकणे, आणि आपल्या निर्णयाचा भार ज्याच्या पाठीवर पडणार त्याला आधी डोळ्यांपुढे आणणे, ह्या तीन गोष्टी तिच्यात येतात.

ह्या तिसऱ्या गोष्टीचा विसर किती सहज पडतो ते आपल्याच मावळात पुन्हा दिसून आले. घाटमाथ्यावर कोसळणाऱ्या पावसात जमशेटजी टाटा ह्यांना वीज दिसली. ते १९०४ साली निवर्तले, परंतु लोणावळे, वळवण व शिरवटे येथील तलावांचे पाणी खोपोलीस उतरून १९१५ साली मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. ही कल्पना थोर होती. पण हेच काम मुळशी खोऱ्याकडे वाढले तेव्हा तेथील शेतकऱ्यांची भातखाचरे व घरे पाण्याखाली जाणार होती, आणि त्यांची संमती कोणी नीटशी घेतली नव्हती. १९२१ ते १९२४ पर्यंत सेनापती बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला. धरण अखेर बांधले गेले. पावसात वीज पाहणारी दृष्टी खाचरात उभ्या असलेल्या शेतकऱ्यापर्यंत पोचली नाही, तर तिला अर्धीच म्हटले पाहिजे.

तिसरा धडा नम्रतेचा. तो समजून घेण्यासाठी गाडी घाट उतरू लागली की खिडकीतून लक्ष ठेवावे. मुख्य मार्गाला फुटून डोंगराच्या चढाकडे जाणारी, आणि थोड्या अंतरावर संपून जाणारी एखादी आखूड वाट दिसेल. तिला कॅच सायडिंग म्हणतात. उतरणाऱ्या गाडीने येथे थांबावयाचे असते. गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. एरवी सांधा त्या चढाच्या वाटेकडेच वळविलेला असतो, म्हणजे सुटलेली गाडी दरीत न जाता चढावर जाऊन थांबावी. आपले ब्रेक उत्तम आहेत हे ठाऊक असूनही ते एखादे दिवशी निकामी होतील, असे ज्याने धरून ठेवले त्याची नम्रता त्या रुळांत आहे, आणि त्याची कल्पनाशक्तीही तेथेच आहे. कारण स्वतःचे अपयश आधी पाहणे हे कल्पनेचे सर्वांत अवघड काम होय.

ह्या सावधगिरीची आवश्यकता लौकरच पटली. घाट उघडून पुरती पाच वर्षेही झाली नव्हती, तोच १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. त्या काळच्या पुष्कळ पुलांच्या दगडी कामात दोष निघाले आणि ते पुन्हा करावे लागले. ज्या कामाची सर्वत्र वाहवा झाली होती, त्याला सह्याद्रीच्या चार पावसांनी जाब विचारला.

आणि बर्कले? प्रकृती ढासळल्यामुळे ते १८६१ साली मायदेशी परतले आणि १८६२ च्या ऑगस्टात वारले. जो मार्ग त्यांनी मनात इतक्या वेळा चढला होता, त्यावरून धावणारी पहिली गाडी त्यांना दिसली नाही. मोशेने नबो डोंगरावरून वचनदत्त देश पाहिला; त्यात पाऊल टाकणे त्याला लाभले नाही. शिवाय ज्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत असे हजारो मजूर ह्याच दऱ्यांतून मातीस मिळाले. काम करणे आमच्याकडे आहे. ते पुरे होणे व टिकणे देवाच्या हाती आहे. हे ज्याला उमजले तो काम टाकून बसत नाही. तो दगड अधिक काळजीने बसवितो, कारण त्या पुलावरून कोण जाणार हे त्याला ठाऊक नसते, देवाला असते.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी काही जण यंदा शाळा सोडून जातील. पुढे काय शिकावे, गावी शेती पाहावी की मुंबई-पुण्याची वाट धरावी, हे प्रश्न घरोघर चालू आहेत. ते सोडविताना प्रथम बर्कले ह्यांच्याप्रमाणे जमीन पायी मोजा. शेजारचा मुलगा गेला म्हणून त्याच वाटेने जाऊ नका. पालकांनीही आपल्या मुलामुलींस त्यांचे स्वतःचे मन काय पाहते हे एकदा विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. घरातील एकाच्या निर्णयाने दुसऱ्या कोणाचे शिक्षण थांबत असेल, विशेषतः घरच्या मुलीचे, तर तिला हिशेबातून वगळू नये. मग गुडघे टेकून तो निर्णय देवापुढे ठेवावा. आणि तो चुकला तर मागे फिरण्यासाठी मनात एक सायडिंग राखून ठेवावी. रिव्हर्सिंग स्टेशनात गाडी उलटी फिरे ती पुण्यासच पोचण्यासाठी फिरे, हे ध्यानात ठेवावे म्हणजे झाले.